आमटीतली गोळी

शरीरात गेलेल्या दारूचा निचरा यकृतात दोन टप्प्यांत होतो. आधी तिचे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य बनते, मग एक विकर त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करते. डायसल्फिरम हे औषध नेमके या विकरालाच निकामी करते. विष साचत जाते आणि थोडी दारूही दहा ते तीस मिनिटांत अंगावर येते: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदयविकार असेल तर जीवही जाऊ शकतो.

रबर पक्के करण्याच्या उद्योगातले हे रसायन. ते हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे आधीच दिसले होते. डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोबसेन यांनी १९४८ साली ते व्यसनोपचारासाठी पुढे आणले.

कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून अरक बंद केला, पण बेळगाव-निपाणी पट्ट्यातली दारू काही हटली नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा आहेच. अशा वेळी त्रासलेली घरे नवऱ्याच्या आमटीत गुपचूप ही गोळी मिसळतात. हा प्रकार देशभर चालतो. त्यामागची हतबलता खरी आहे, तरी तो घातकच. माणसाला कळत नाही, तो नेहमीसारखा पितो आणि थेट दवाखान्यात पोचतो. शिवाय ही गोळी दारूची ओढ कमी करत नाही, फक्त भीती घालते. भीती वाटायला ती पोटात आहे हे ठाऊक तर हवे. शेवटच्या दारूनंतर किमान बारा तास उलटल्याशिवाय ती सुरू करायची नसते. बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. त्या काळात दारूचा अंश असलेले खोकल्याचे औषध, आसव, अरिष्टही वर्ज्य.

सेफोपेराझोनसारखी काही प्रतिजैविकेही अशीच प्रतिक्रिया घडवतात. जुलाबावरच्या मेट्रोनिडाझोलबद्दल मतभेद आहेत: फिनलंडमधल्या २००२ च्या एका छोट्या चाचणीत तशी प्रतिक्रिया आढळली नाही, तरी औषध संपल्यावर दोन-तीन दिवस दारू टाळावी हा सल्ला कायम आहे.

झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्यांची तऱ्हा वेगळी. अल्प्राझोलाम, डायझेपाम मेंदूला दारूच्याच दिशेने मंदावतात; दोन्ही मिळून श्वासच थांबू शकतो. सर्दीवरच्या सेट्रिझिननेही गुंगी वाढते. मधुमेहाच्या काही औषधांवर उपाशीपोटी दारू घेतली तर साखर धोकादायक उतरते.

निपाणीचा रुग्ण कधी कोल्हापूर गाठतो, कधी बेळगाव. एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापुढे येतेच असे नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची सूचना बारीक इंग्रजीत. म्हणून डॉक्टरांनी पिण्याबद्दल न लाजता विचारावे आणि औषध दुकानदाराने गोळी हातात देताना इशारा तोंडी सांगावा, मराठीत किंवा कन्नडमध्ये, गिऱ्हाइकाला कळेल तसा.