खानेसुमारीच्या वहीतले घर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, मल या मोठ्या बेटाला अगदी खेटून अल्वा नावाचे एक लहानसे बेट आहे. मधली खाडी इतकी अरुंद, की होडीत नीट बसेपर्यंत पलीकडचा किनारा येतो. जून २०१८ मध्ये शेजारच्या गावकऱ्यांच्या संस्थेने हे बेट विकत घेतले. किंमत ४६ लाख पौंडांच्या वर, आणि त्यातला बहुतेक भाग सरकारी भूमी निधीतून आला. त्या वेळी बेटावर राहणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १८३७ च्या सुमारास तिथे सहाशे माणसे आणि सोळा वाड्या होत्या.

अशा ओस पडलेल्या वाड्यांचे वारस आज कॅनडात आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, ग्लासगोच्या उपनगरांतही आहेत. त्यांतल्या पुष्कळांना निवृत्तीच्या सुमारास एकच प्रश्न पडतो : आमचे घर नेमके कुठे होते? या प्रश्नावर स्कॉटलंडमध्ये चांगला व्यवसाय उभा राहिला आहे. २००९ साल तर सरकारने ‘घरवापसीचे वर्ष’ म्हणूनच साजरे केले. दुकानात आडनाव सांगा, तुमच्या घराण्याच्या चौकडीची शाल, बोधचिन्ह आणि एखादा किल्लाही तुमच्या पदरात पडेल. किल्ल्यात शंभर माणसे राहत असतील तर किल्ल्याबाहेर लाखभर राहत, हा हिशेब तिथे कोणी विचारत नाही.

सुदैवाने त्याच देशाने या प्रश्नाचे दुसरे उत्तरही जपून ठेवले आहे. ते आहे खानेसुमारीच्या वह्यांत. आपण आता जनगणना म्हणतो. पण जुना शब्द अधिक नेमका. खाना म्हणजे घर. माणसे मोजायची ती घर धरून.

ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांची मोजणी १८०१ पासून सुरू झाली, तरी माणसांची नावे सर्वत्र लिहिली जाऊ लागली ती १८४१ पासून. त्या वर्षी ६ जूनच्या रात्री जो ज्या छपराखाली झोपला, तो त्या घरात धरला गेला. स्कॉटलंडमध्ये हे काम पुष्कळ ठिकाणी गावच्या शाळामास्तरांकडे होते. त्यांची वही उघडली की आधी निराशाच होते. पंधरा वर्षांवरच्या माणसाचे वय पाचाच्या पटीत खाली ओढलेले, म्हणजे चौतीस वर्षांचा बाप्या तिशीचा. कोण कोणाचा कोण, ते लिहिलेले नाही. जन्म याच परगण्यातला का, एवढेच विचारलेले. घराला क्रमांक नाही. वाडीचे नाव घातले की झाले. दोन तिरक्या रेघा दिसल्या म्हणजे एक घर संपले असे समजायचे.

माझी उमेदीची वर्षे बँकेत लेजर तपासण्यात गेली. त्या नजरेने मला या वह्यांतली रकमेपेक्षा रकान्यांची गंमत जास्त वाटते. सरकारला काय जाणून घ्यायचे आहे ते रकान्यांवरून कळते. १८५१ मध्ये कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचा पॅरिश विचारला गेला. १८६१ मध्ये विचारले : खिडकी असलेल्या खोल्या किती? हा प्रश्न इंग्लंडात नव्हता, फक्त स्कॉटलंडात होता. उत्तर आले ते लाजिरवाणे होते. सुमारे एक तृतीयांश घरे एकाच खोलीची निघाली, आणि काही हजार घरांना एकही खिडकी नव्हती. किल्ल्याची चित्रे विकणाऱ्या दुकानात हा आकडा कोणी टांगत नाही. १८८१ मध्ये गेलिक बोलता का, हे विचारले. १९११ मध्ये विवाहित स्त्रीला विचारले : मुले किती झाली, त्यांतली जिवंत किती? या दोन आकड्यांची वजाबाकी वाचणाऱ्याने स्वतः करायची असते.

शोध मागून पुढे नव्हे, पुढून मागे घ्यावा लागतो. १८५५ पासून स्कॉटलंडमध्ये जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद आहे, आणि तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनावही असते. तो धागा धरून खानेसुमारीत शिरायचे. नावांचा शोध संकेतस्थळावर फुकट आहे; पानाची प्रतिमा पाहायला पैसे पडतात. इथे एक खोडा असतो. बोलणारा गेलिक भाषक, लिहिणारा इंग्रजीत. त्यामुळे डोनाल्डचा डॅनियल होतो, आणि आडनावाचे तर रूपच पालटते. मोडीतून बाळबोधीत उतरवलेल्या आपल्याकडच्या नोंदी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना हे नवे नाही.

मुलांच्या जन्मगावांचा रकाना मला सर्वांत बोलका वाटतो. थोरला एका पॅरिशचा, दुसरी शेजारच्या, तिसरा आणखी पुढच्या. शेतमजुरांचा करार वर्षा-सहा महिन्यांचा असे. मुदत संपली की गाडीवर संसार चढवायचा आणि दुसऱ्या मालकाच्या खोलीत उतरायचे. अशा कुटुंबाचे ‘मूळ घर’ कुठले म्हणणार? वारस एक घर शोधत येतो आणि त्याच्या हाती सात पत्ते लागतात, सातही दुसऱ्याच्या मालकीचे.

अल्वाची कथा याहून कडवट आहे. समुद्री शेवाळ जाळून त्याची राख काच आणि साबण कारखान्यांना विकायची, यावर बेटाची वस्ती वाढली होती. नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर तो धंदा बसला. १८३५ मध्ये क्लार्क नावाच्या वकिलाने बेट विकत घेतले. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला आणि पुढच्या काही वर्षांत नव्या मालकाने कुळे उठवून मेंढ्या आणल्या. १८४१ आणि १८५१ च्या वह्या शेजारी ठेवल्या की वाड्या कशा ओसरल्या ते दिसते; १८८१ पर्यंत वस्ती शंभराच्याही खाली गेली. माणसे का गेली, ते मात्र वहीत नाही. त्यासाठी रकानाच नव्हता.

मग वारसाने नकाशे पाहायचे. सरकारी सर्वेक्षणाचे सहा इंची नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांना मोफत खुले केले आहेत. त्यांत छप्पर असलेले घर आणि नुसत्या भिंती उरलेले घर वेगळे दाखवलेले असते. वहीतली वाडी नकाशावर सापडते. पण त्या वाडीतल्या दहा पडक्या चौथऱ्यांपैकी आपला कुठला, हे बहुधा ठरत नाही. १८५५ पासूनच्या घरपट्टीच्या नोंदीत मालक आणि कूळ दोन्ही येतात, आपल्या सातबाऱ्यासारखे. पण वर्षाला चार पौंडांहून कमी भाडे भरणाऱ्याचे नाव लिहिण्याची सक्ती नव्हती. गरीब तिथेही गळतो.

याच अल्वा बेटावर डेव्हिड लिव्हिंगस्टनचे आजोबा छोटी शेती करत. शेतीत भागेना म्हणून १७९२ मध्ये ते कुटुंब घेऊन ग्लासगोजवळच्या ब्लँटायरच्या कापूस गिरणीवर आले. या आजोबांना मागच्या सहा पिढ्यांच्या हकिगती तोंडपाठ होत्या, असे नातवाने लिहून ठेवले आहे. नातू १८१३ मध्ये जन्मला तो गिरणीच्या चाळीत, सुमारे चौदा बाय दहाच्या एका खोलीत, आणि दहाव्या वर्षी गिरणीत लागला. ती चाळ आज संग्रहालय आहे. पण हा माणूस खानेसुमारीत शोधायला जाल तर हाती काही लागत नाही. १८४१, १८५१, १८६१, १८७१ या चारही मोजण्यांच्या रात्री तो आफ्रिकेत होता. १८७३ मध्ये तिथेच वारला. शतकातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध स्कॉट, आणि त्याच्या देशाच्या एकाही वहीत त्याचे नाव नाही.

तो आपल्याकडेही येऊन गेला होता. १८६४ मध्ये स्वतःची छोटी आगबोट हाकत तो झांझिबारहून मुंबईला आला आणि बरोबरची दोन आफ्रिकी मुले त्याने डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवली. (बोट विकून आलेले पैसे त्याने ज्या बँकेत ठेवले ती बुडाली, हे वाचताना माझ्यातला जुना अधिकारी खजील झाला.) पुढच्या वर्षी नाशिकच्या शरणपूर आश्रमातली, गुलामीतून सोडवलेली नऊ आफ्रिकी मुले त्याच्या शेवटच्या सफरीसाठी निवडली गेली. त्यांच्या मूळ घराचा पत्ता कुठल्या वहीत शोधायचा?

आपल्याकडे संपूर्ण देशाची एकाच वेळी खानेसुमारी पहिल्यांदा झाली ती १८८१ मध्ये. तिचे जाडजूड अहवाल ग्रंथालयांत आहेत. पण घरोघरच्या त्या याद्या तक्ते तयार झाल्यावर जपल्या गेल्या नाहीत, आणि १९४८ च्या कायद्याने व्यक्तीची नोंद कोणालाही पाहता येत नाही. स्कॉटलंडमध्ये ती शंभर वर्षांनी खुली होते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी आपल्या तहसील कचेऱ्यांतली मोडी दप्तरे झटकली गेली, तेव्हा जुना कागद काय किमतीचा असतो हे घराघरांत कळले. २०२१ ची हुकलेली जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भतारखेने घेण्याचे जून २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेही मोबाइलवर माहिती भरून. गुप्तता हवीच; भीती असली तर माणूस खरे सांगत नाही. पण शंभर वर्षांनंतर गुप्तता कोणापासून राखायची? ही माहिती पुसायची की पणतवंडांसाठी जपायची, याचा निर्णय मोजणीआधी व्हायला हवा, असे माझे मत आहे.

स्कॉटलंडची १९२१ ची वही नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची २०३२ मध्ये होईल. इंग्लंड-वेल्सची त्या सालची पुस्तके १९४२ च्या आगीत जळाली. स्कॉटलंडची वेगळी ठेवलेली असल्याने वाचली. १९४१ मध्ये युद्धामुळे मोजणीच झाली नाही. त्यामुळे १९३१ नंतर अल्वाच्या पडक्या वाड्यांशेजारी कोण कोण टिकून होते, हे पाहायला २०५२ उजाडेल.