तूप नको म्हणणाऱ्यांसाठी चवळी-भात

मंडळी, गेल्या काही दिवाळ्यांत आपल्या बऱ्याच घरांत एक नवा शब्द शिरलाय: व्हीगन. पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेली मुलं सुट्टीत बुऱ्हाणपूरला येतात आणि जाहीर करतात, दूध, दही, तूप, मध, सगळं बंद. शब्द तसा १९४४ सालचा, इंग्लंडात तयार झालेला, म्हणजे आपल्या आज्यांच्याच वयाचा. पण हे आज्यांना सांगून उपयोग होत नाही.

अडचण खरं तर स्वयंपाकाची नाहीच. बुऱ्हाणपूर नकाशावर मध्य प्रदेशात असलं तरी फारुकींच्या काळी खानदेशची राजधानी होतं, आणि आपल्या चुली अजून खानदेशीच आहेत. शेंगदाण्याचं तेल, सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला. यात दूध आहे कुठे? अडतं ते शेवटच्या चमच्याला. माझी भाची गेल्या वर्षी पानावर बसली, आजी नेहमीसारखी तुपाची वाटी घेऊन आली, आणि पोरीने भातावर हात आडवा धरला. आजी काही बोलली नाही. वाटी घेऊन आत गेली ती जेवणं होईपर्यंत बाहेर आली नाही. वरून तूप पडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही असं मानणाऱ्या पिढीला तो आडवा हात फार लागतो.

तेव्हापासून आमच्याकडे हा बेत ठरलेला आहे. चवळी घ्या, बाजारात कुणी चौला म्हणेल, कुणी लोबिया. राजमा रात्रभर भिजवावा लागतो आणि कच्चट राहिला तर पोट बिघडवतो. चवळी गरम पाण्यात तासभर भिजली तरी पुरे.

चौघांसाठी एक वाटी चवळी, दीड वाटी तांदूळ. कुकरच्या तळाशी भिजलेली चवळी, तीन वाट्या पाणी आणि हळद. वर डब्यात तांदूळ, दुप्पट पाणी घालून. तीन-चार शिट्ट्या. तोवर दोन कांदे आणि पाव वाटी सुकं खोबरं तव्यावर लालसर भाजून आठ लसूण पाकळ्या, आलं, कोथिंबिरीबरोबर वाटा. हे वाटण तेलात, कडेला तेल सुटेपर्यंत परतायचं. इथे घाई केलीत तर आमटी कच्ची लागणार, कितीही मसाला घाला. मग दोन चमचे काळा मसाला, मीठ, आणि चवळी तिच्या पाण्यासकट. पाच मिनिटं उकळी. शिजायला लावल्यापासून पाऊण तासात पानं वाढता येतात.

आता तो शेवटचा चमचा. लहान कढईत तीन मोठे चमचे शेंगदाणा तेल, त्यात पातळ चिरलेला लसूण बदामी होऊ द्या, गॅस बंद करा आणि मगच लाल तिखट टाका, नाहीतर जळेल. हे तेल वाटीत काढून आजीच्या हातात द्या. वाढायचं तिनेच. आमच्याकडे आता ती भाचीला विचारतसुद्धा नाही, दोन चमचे ओतूनच पुढे जाते.

लिंबाची फोड पानात हवीच. चवळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. पापडाऐवजी आपल्याकडचे केळ्याचे वेफर्स. मावा जिलेबीला मात्र माझ्याकडे उत्तर नाही, तिचं तिने बघावं.

मुलांनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे, त्यात दूध आणि मध चालतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं असतं. आणि बी-१२ चवळीत नाही, कुठल्याच डाळी-कडधान्यात नाही. दूध सोडलं असेल तर रक्त तपासून घ्या, डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. आईला फोनवर ‘हो, घेते’ एवढं म्हणून भागणार नाही.

उरलेली चवळी दुसऱ्या दिवशी घोटून ज्वारीच्या पिठात मळा, कांदा-कोथिंबीर घाला, थालीपीठ लावा. डब्यात नेलं तरी मऊ राहतं.