माहेरचे टाके, सासरचा निर्णय

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत वऱ्हाडात अजून टिकून आहे. पुण्या-मुंबईकडे नांदणारी लेक सातव्या-आठव्या महिन्यात बडनेऱ्याला उतरते आणि अमरावतीच्या एखाद्या दवाखान्यात बाळंत होते. सिझर झाले, तर टाके सुकल्यावर बाळाला घेऊन सासरी परतते. दुसऱ्या खेपेला ती वेगळ्या गावात, वेगळ्या डॉक्टरांपुढे बसलेली असते. पहिल्या शस्त्रक्रियेचा कागद माहेरच्या कपाटात, नाहीतर दवाखान्याच्याच फायलीत राहिलेला. मग पोटावरचा व्रण पाहूनच निकाल लागतो. ‘पयलं सिझर झालं, मंग दुसरंबी सिझरच,’ हे इकडच्या आयाबायांचे म्हणणे तिकडेही खरे होते.

हा नियम १९१६ सालचा. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांनी तो मांडला, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि पुढच्या खेपेच्या कळांत तो व्रण फाटण्याची धास्ती मोठी होती. क्रेगिन यांचा रोख होता तो पहिले सिझर उठसूट करू नका, यावर. नियमाला अपवाद असल्याचेही त्यांनी नोंदवले होते. पुढे १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागावरचा आडवा छेद रूढ केला. आज बहुतेक सिझर याच पद्धतीने होतात. छेद बदलला तरी नियम तोच राहिला, आणि क्रेगिन यांचा इशारा मात्र विसरला गेला.

ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, आडव्या छेदाचे एकच सिझर झालेल्या बायकांनी नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला, तर चारांतल्या जवळपास तिघींना यश येते. व्रण उसवण्याचा धोका साधारण दोनशेत एक. पण उसवला, तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतते. म्हणून हा प्रयत्न शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असेल तिथेच करायचा. पुन्हा सिझर करणेही बिनधोक नाही. दर सिझरगणिक पुढच्या खेपेला वार जुन्या व्रणात रुजण्याची, ती न सुटण्याची आणि रक्तस्राव थांबवायला गर्भाशयच काढावे लागण्याची शक्यता वाढत जाते. दोन्ही बाजू ऐकून एखादीने दुसरेही सिझरच मागितले, तर तो तिचा हक्क आहे. आक्षेप आहे तो तिला न सांगता ठरवण्याला. संमती घेण्यापूर्वी उपलब्ध पर्याय सांगितलेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ सालीच बजावले आहे.

सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणेही बरोबर नाही. नवरा-बायको मिळून चालवतात अशा छोट्या दवाखान्यात रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठून आणायचा? काही बिनसले, तर नातेवाईक काचा फोडायला येतात. अशा ठिकाणी ‘आमच्याकडे ही सोय नाही’ म्हणणे प्रामाणिकपणाचेच. ‘असे होतच नाही’ म्हणणे मात्र खोटे. सोय नसेल, तर असेल तिथे चिठ्ठी देऊन पाठवावे, एवढीच अपेक्षा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिझरचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २५.४ टक्क्यांवर गेले. त्याच पाहणीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आढळले. पहिली सिझर वाढली की काही वर्षांत दुसऱ्यांची रांग लागणारच. आणि हा प्रश्न सुखवस्तू घरांपुरता नाही. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. मेळघाटातल्या बाईच्या गर्भाशयावर एकदा व्रण पडला, की पुढचे प्रत्येक बाळंतपण त्या घाटरस्त्याशी बांधले जाते. म्हणून तिचे पहिले सिझर शंभरदा विचार करून व्हावे, आणि झालेच तर त्याचा कागद तिच्याजवळच असावा.

मागणी केल्याखेरीज यातले काही मिळत नाही, हेही दिसून आले आहे. २०१७ साली मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी रुग्णालयांनी सिझरचे प्रमाण जाहीर करावे यासाठी सह्यांची मोहीम चालवली. लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या, तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी ती मागणी उचलून धरली, आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतील रुग्णालयांना हे प्रमाण फलकावर लावण्याचा आदेश निघाला. महाराष्ट्रानेही २०२१च्या सुधारित नियमांनी खासगी दवाखान्यांत दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. त्याच फलकावर सिझरचे प्रमाण आणि ‘सिझरनंतर नैसर्गिक प्रसूतीची सोय आहे / नाही’ एवढी ओळ वाढवायला कितीसा खर्च येणार आहे?

अशी मागणी करणे अमरावतीला नवे नाही. सरकारी आरोग्यसेवेवर लोकांनीच देखरेख ठेवण्याचा प्रयोग राज्यात २००७ साली पहिल्यांदा ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात अमरावती होता. जनसुनावणीत अधिकाऱ्यांना उभे करून औषधे का नाहीत, डॉक्टर का नाहीत, हे इथल्या गावकऱ्यांनी विचारले आहे. आता बाळंतिणींसाठीही विचारावे. सुट्टी देताना गर्भाशयावर कोणता छेद घेतला आणि सिझर कशासाठी केले, हे कार्डावर लिहिलेच पाहिजे. पोटावरच्या व्रणावरून आतला छेद कळत नाही. लिहिले नसेल, तर कागद मागावेत. मागितल्यापासून ७२ तासांत ते देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. आशाताईंनी घरभेटीत ते जपून ठेवायला सांगावे. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते, तिथे जुने सिझर असलेल्यांशी पर्यायांबद्दल वेगळे बोलावे. आणि जिल्हा स्त्री रुग्णालयाने, म्हणजे लोकांच्या डफरीनने, यात पुढाकार घ्यावा.

पुढच्या जनसुनावणीत तीन आकडे मागावेत. गेल्या वर्षी एक सिझर झालेल्या किती जणी आल्या? त्यांतल्या किती जणींना पर्याय सांगितला? आणि किती जणींची प्रसूती नॉर्मल झाली? जिथे मधला आकडाच नोंदवलेला नसेल, तिथे निर्णय कोण घेते, हे वेगळे विचारायला नको.