लग्नाच्या जुन्या कॅसेटमध्ये दोडामार्गची शेती आहे, ती कशी वाचवायची?

शेतीचं चित्रीकरण करायचं म्हणून दोडामार्ग तालुक्यात सहसा कुणी कॅमेरा उचलला नाही. शेती टिपली गेली ती लग्नाच्या आणि गणपतीच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये, तीही मागच्या बाजूला. कॅमेरा नवरीवर असतो. तिच्या मागे शेणानं सारवलेलं खळं, भाताची उडवी, दावणीचे बैल दिसतात. गणपतीला चाकरमानी गावी येतो तेव्हा भात पोटरीला आलेलं असतं. त्याच्या हातात आखातातून आणलेला कॅमकॉर्डर असला, तर आरती झाली की तो मेरेवरून एक चक्कर मारणारच.

कुटुंबाला ही फक्त आठवण वाटते. पण या तालुक्यात तिला वेगळं वजन आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात १९९० मध्ये तिलारी प्रकल्पाचा करार झाला. धरणासाठी पाट्ये, आयनोडे, शिरंगे, केंद्रे, सरगवे या गावांतल्या कुटुंबांना घरं-शेतं सोडून पुनर्वसनात जावं लागलं. सातबाऱ्यावर क्षेत्रफळ आणि पीक लिहिलेलं असतं. वाफ्यातून पाणी कसं फिरवायचे, इरलं घालून लावणीला किती जणी उभ्या राहायच्या, हे त्यात नसतं. पाण्याबाहेरची शेतीही तशी राहिलेली नाही. रबर आला, आणि २००२ पासून कर्नाटकातून येणारे हत्ती केळी-माडाच्या बागांत शिरू लागले.

मग घाई कशाची? अडचण दोन बाजूंनी आहे. व्हीएचएस कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर डिंकासारख्या पदार्थानं चिकटवलेली चुंबकीय भुकटी. हा चिकट थर हवेतली ओल शोषतो आणि सैल पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात, पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या कॅसेटला बुरशी धरते. दुसरी अडचण यंत्राची. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवे व्हीसीआर बनवणाऱ्यांत ती शेवटची मानली जात होती. युनेस्को आणि ध्वनि-दृश्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्ये फितींबद्दल जगभर इशारा मोहीम काढली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयानं तर २०२५ हीच मुदत सांगितली होती. ते वर्षही उलटलं.

सरकार काही करतं का? राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहीम ५९७ कोटी रुपयांची आहे, पण तिचा भर चित्रपट, माहितीपट, लघुपट यांच्यावर. गंमत अशी की ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कुटुंबांनी भारतात काढलेल्या होम मुव्हीज केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्रानं जपल्या आहेत. आपल्या शेतकऱ्याच्या घरातली कॅसेट मात्र त्या घरानंच सांभाळायची.

म्हणून पहिली गोष्ट: कॅसेट 'चालते का बघूया' म्हणून व्हीसीआरमध्ये घालू नका. खिडकीतून आत पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी फीत लावली की यंत्राचं हेड खराब होतं आणि तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. ठीक दिसणाऱ्या कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिक पट्टी तोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही.

स्टुडिओवाल्याला दोन गोष्टी बजावून सांगा. चित्र ताणून रुंद करायचं नाही. आणि 'कंटाळवाणा' भाग कापून वर गाणी टाकायची नाहीत. त्याला जो भाग कंटाळवाणा वाटेल, तोच बहुधा शेतीचा असतो. शिवाय मूळ आवाजात बैलांना घातलेल्या हाका आहेत, मालवणी बोली आहे. वीस वर्षांपूर्वी सीडी करून घेतली असेल तरी मूळ कॅसेट फेकू नका. सीडीतलं चित्र बरंच दाबलेलं असतं आणि ती स्वतःही खराब होते. नवी फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात, मुंबईच्या किंवा म्हापशाच्या नातेवाइकांकडे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत मोजू नका, तिचा दर्जा उतरलेला असतो.

एक काम मात्र स्टुडिओवाला करू शकत नाही. फाइल हातात आली की ती घरातल्या सर्वात वयस्कर माणसासमोर लावा आणि शेजारी मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा: हा कुणाचा कुणगा, हा बैल कुणाकडून घेतला, ही कामाला आलेली बाई कुठल्या वाडीची. जमल्यास हे कॅसेट साफ होऊन यायची वाट न बघता, जुन्या फोटोंवरून आजच सुरू करा.