साडेचार मीटर, पण कशापासून?

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी निघते आणि दुसऱ्या दिवशी ‘साडेचार मीटर उंच लाटा उसळणार’ असे मथळे झळकतात. यंदाही तेच झाले. गिरगाव-दादरच्या वाचकांची पत्रे चिडूनच आली आहेत, आणि चिडायला कारणही आहे. भरती म्हणजे लाट नव्हे, हे यादी काढणाऱ्यांना अजून किती वर्षे सांगायचे?

यादीतला आकडा भरतीच्या कोष्टकातला, म्हणजे चार्ट डेटम या शून्यापासूनचा. अपोलो बंदराला मध्यम समुद्रपातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर. तेव्हा ४.८ ची भरती मध्यम पातळीच्या वर जेमतेम २.३ मीटर. तोही निव्वळ चंद्र-सूर्याचा हिशेब. वाऱ्याने चढलेले पाणी त्यात नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळाने गेटवेचा कठडा फोडला, ते कोणत्या कोष्टकात लिहिले होते?

खरी गंमत पुढेच आहे. पर्जन्यवाहिन्यांच्या नकाशांत पातळ्या टाऊन हॉल डेटमवर, सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांत मध्यम समुद्रपातळीवर, भरती चार्ट डेटमवर. एका शहरात तीन शून्ये, आणि यादीत एकाचेही नाव नाही! हिंदमाताला पाणी तुंबले असताना पातमुखाबाहेर समुद्र किती वर आहे, हे बघायला आधी रूपांतराचा तक्ता शोधायचा. ‘उंची चार्ट डेटमपासून’ एवढी एक ओळ छापायला कोणती निविदा काढावी लागते? अपोलो बंदराच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. इतकी जुनी मालिका हिंदी महासागरात क्वचितच सापडेल. त्याच बंदरातली त्या दिवशीची प्रत्यक्ष पातळीही भाकिताशेजारी द्यावी.

पण यादी काढणाऱ्या साहेबांनाच का बोल लावायचा? आपल्याकडे छापायला आलेला गिरगाव चौपाटीचा एक छेद पाहा. लेव्हल-स्टाफ नीट लावलेले, वाचने स्वच्छ. फक्त बेंचमार्क मध्यम पातळीवरचा आणि भरती कोष्टकातली, जशीच्या तशी. कागदावर भेळवाले रोज दोनदा बुडतात. मार्गदर्शकांची सही खाली आहेच. हीच मंडळी ती यादी गटागटांत पुढे ढकलतात.

तेव्हा अध्यापकहो, सर्वेक्षकहो, पातळी लिहाल तिथे शून्य आणि वेळ लिहा. शून्याविना आलेला छेद पुढच्या अंकापासून साभार परत जाईल.