भाताचे ऊन आणि मंठ्याचे बियाणे

मंठ्याचे शिवार सोयाबीन, कापूस आणि तुरीचे, भाताचे नव्हे. मग भाताचे रोप सूर्याच्या अतिनील किरणांना कसे तोंड देते, याची चर्चा मराठवाड्यातील कार्यकर्त्यांनी कशासाठी करावी? बियाण्याच्या मालकीचा प्रश्न ज्यांना जिव्हाळ्याचा वाटतो, त्यांनी ती अवश्य केली पाहिजे.

अतिनील किरणांतील 'ब' पट्टा पेशीतील डीएनएवर आघात करतो. साखळीतील शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात आणि पेशीचे काम खोळंबते. रोपाला उठून सावलीत जाता येत नाही. ते पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड द्रव्ये साठवून किरण अडवते आणि फोटोलायेज नावाच्या विकराकरवी, सूर्याच्याच निळ्या प्रकाशाच्या बळावर, चिकटलेले दुवे सोडवते. (माणसाच्या शरीरात हे विकर नाही, दुपारच्या उन्हात खुरपणाऱ्या मजूर स्त्रीला पदरच डोक्यावर ओढावा लागतो.)

परंतु हे सामर्थ्य सर्व वाणांत सारखे नसते. जपानी संशोधकांना ससानिशिकी हा भात तग धरणारा, तर नोरिन-१ नाजूक आढळला. फरक निघाला तो या विकराच्या रचनेतील एका अमिनो आम्लाचा! भारतातील सुर्जमुखी हा वाण, नावात सूर्य असूनही, नोरिनहून नाजूक ठरला. सोयाबीनचेही तेच. अमेरिकेत मेरिलँड येथे १९८० च्या दशकात सहा वर्षे चाललेल्या प्रयोगांत, वाढीव किरणांखाली एसेक्स वाणाचे उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत घटले. विल्यम्सला मात्र तशी झळ पोचली नाही.

ओझोनचा थर विरळ केला तो मुख्यतः श्रीमंत राष्ट्रांच्या कारखानदारीने. १९८७ च्या माँट्रियल कराराला भारताने १९९२ मध्ये मान्यता दिली, तीही १९९० मध्ये लंडन येथे गरीब राष्ट्रांसाठी निधी मान्य झाल्यावर. ही भूमिका योग्यच होती. आज तो थर हळूहळू सावरत आहे, म्हणून कोणी निश्चिंत होईल. पण उष्णतेचे आणि अवर्षणाचे संकट पुढे उभेच आहे. तेथेही कोणते रोप तगेल हे वाणच ठरवणार. अशा वेळी १९९४ मध्ये प्रसारित झालेल्या जेएस-३३५ सारख्या एकाच वाणावर वर्षानुवर्षे विसंबणे, हे आपण पत्करलेले परावलंबन होते.

सोयाबीन स्वपरागित पीक आहे. घरचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. २००१ च्या कायद्याने बियाणे राखण्याचा आणि देवघेवीचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८ हे वाण सार्वजनिक पैशातून निपजले आहेत. मंठा तालुक्यातील साथींनी येत्या खरिपापूर्वी गावोगाव बसून कोणाच्या घरी कोणता वाण आहे याची यादी करावी, प्रत्येकाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत, आणि ज्याचे सत्तर वा अधिक उगवतील त्याचे बियाणे बाजारात न नेता गावातच फिरवावे.