भाकर नसली तरी गोळी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, केज या भागांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे साखर कारखान्यांकडे निघतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट बेळगावपर्यंत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे माणूस म्हणून मोजत नाहीत, एक 'कोयता' म्हणतात. यांतल्या काही कोयत्यांच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली, गोळ्यांची एक डबी दडवलेली असते. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही एचआयव्हीवरची तीन औषधे एकाच गोळीत. दिवसाला एक, आणि आयुष्यभर. या डबीच्या वाटेत जी मते आडवी येतात, त्यांच्याशी मला भांडायचे आहे.

पहिले मत शहाण्या माणसांकडून येते. ते म्हणतात, एड्स ही मुळात भूकच आहे. पोटभर खायला द्या, प्रतिकारशक्ती आपोआप येईल, विषारी गोळ्या कशाला? यात अर्धे सत्य आहे आणि ते मी नाकारत नाही. प्रथिने आणि जस्त पुरेसे मिळाले नाही तर छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी आक्रसते. ज्या टी-पेशी शरीराची राखण करतात, त्या तिथेच तयार होतात. उपासमारीतल्या मुलाला गोवराने उचलून न्यावे, ते यामुळेच. पण त्या मुलाला नीट जेवू घातले की ग्रंथी पुन्हा भरते आणि पेशी परततात. १९७२च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली आमच्याकडची पिढी पुढे सालभर ज्वारी मिळू लागल्यावर उभी राहिली. एचआयव्हीचे तसे नाही. हा विषाणू या टी-पेशींपैकी सीडी-४ पेशीतच शिरतो, तिच्याच यंत्रणेवर आपल्या प्रती काढतो आणि तिला संपवतो. त्याला तूप-रोटी थांबवत नाही. जगात या आजाराची पहिली नोंद जून १९८१ मध्ये झाली ती लॉस एंजेलिसमधल्या, तोवर धडधाकट असलेल्या पाच तरुणांची. त्यांना कुठली उपासमार होती?

हे मत निरुपद्रवी असते तर मी सोडून दिले असते. दक्षिण आफ्रिकेत थाबो म्बेकी राष्ट्राध्यक्ष असताना सरकारनेच एचआयव्ही आणि एड्स यांच्या नात्यावर शंका घेतली. आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू यांची शिफारस करत राहिल्या, औषधे लांबणीवर पडली. त्या धोरणामुळे तीन लाखांहून अधिक माणसे टाळता येण्यासारख्या मरणाने गेली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. आपल्याकडे काढे आणि प्रथिनांच्या पावडरी विकणारे तेच बोलतात, फक्त छोट्या दुकानातून. टांझानियात औषध सुरू असलेल्या रुग्णांना जीवनसत्त्वांचे मोठे डोस देऊन पाहिले. ते नेहमीच्या डोसांहून सरस ठरले नाहीत, उलट काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या.

याच मताचे घरगुती रूप मला जास्त छळते, कारण ते रुग्णाच्याच तोंडी असते: "आज पोटात काही नव्हतं, म्हणून गोळी नाही घेतली. गरम पडती." फडावर भाकरीला उशीर झाला, पाऊस आला, सरपण भिजले, की त्या दिवशीची गोळी जाते. असे चार-सहा दिवस गेले की विषाणू औषधाला सरावण्याची वाट मोकळी होते. म्हणून हे ठामपणे सांगायला हवे: आजची ही गोळी जेवणाआधी, जेवणानंतर किंवा उपाशी पोटीही घेता येते. जपायचे ते वेगळे. बायकांना रक्तवाढीची लोहाची आणि कॅल्शियमची गोळी दिलेली असते. त्या गोळ्या उपाशी पोटी हिच्याबरोबर घेतल्या तर हिचे शोषण कमी होते. एकतर तिन्ही जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर ही गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. हे वाक्य डबीसोबत समजावून दिले जाते का, ते ही औषधे देणाऱ्या प्रत्येक केंद्राने स्वतःला विचारावे.

दुसरे मत अधिकाऱ्यांचे. गरीब, अडाणी, भटकी माणसे. ती वेळेवर गोळ्या घेणार नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेच्या मदत-संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस यांनी आफ्रिकेबद्दल हेच म्हटले होते, की तिथल्या लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नेमाने गोळ्या घेणाऱ्यांचे प्रमाण आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के निघाले. आमच्या टोळीतली बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात उभी असते. तिला वेळ शिकवायची गरज नाही. तिची अडचण खाड्याची आहे. एक दिवस चुकला तर मुकादम दंड कापतो आणि उचल फिटता फिटत नाही. ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी, २०१९ मध्ये, जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत अंग दुखते म्हणून खाडा नको, ही त्यामागची एक सक्ती होती. अशा बाईने दर महिन्याला कोल्हापूरहून बीडला डबी न्यायला यावे, असे म्हणणारा तिला बेफिकीर ठरवतो. बेफिकिरी कुणाची, ते उघड आहे.

तिसऱ्या मताला उत्तर देणे सर्वांत अवघड, कारण ते उपकाराच्या सुरात बोलते. गोळ्या तर सरकार फुकट देते, भाकरीचे ज्याचे त्याने बघावे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, ही देशाने केलेली मोठी गोष्ट आहे आणि तिचे श्रेय कमी करायचे नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब पाहा. एचआयव्ही असलेल्या, पण लक्षणे नसलेल्या प्रौढाला सुमारे दहा टक्के जादा उष्मांक लागतो. लक्षणे दिसू लागली की वीस ते तीस टक्के, आणि वजन घटणाऱ्या मुलाला पन्नास ते शंभर टक्के. दहा टक्के म्हणजे दिवसाला साधारण एक ज्वारीची भाकरी. एकच. हाडे दिसत असलेल्या अवस्थेत उपचाराला आलेला रुग्ण पहिल्या काही महिन्यांत दगावण्याचा धोका कितीतरी अधिक असतो, आणि बहुतेकदा त्याला नेतो तो क्षय. झारखंडमध्ये अनुराग आणि माधवी भार्गव यांनी क्षयरुग्णांच्या घरातल्यांना तांदूळ आणि तूरडाळीचा शिधा देऊन पाहिला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: त्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला. तांदूळ, डाळ आणि सोबत जीवनसत्त्वांची गोळी, बस्स.

आता आपली रीत पाहा. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला महिन्याला १००० रुपये मिळतात. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षय नसेल, तर तो या योजनेत बसत नाही. क्षय जडला की बसतो. संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत एचआयव्हीबाधित आहेत, पण उत्पन्नाच्या दाखल्यापायी कितीजण तहसीलच्या पायऱ्यांवरूनच परततात. आणि तलाठ्याला आजार सांगायचा म्हणजे गावाला सांगायचा.

करता येते, हे याच जिल्ह्यात दिसते. बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी 'इन्फंट इंडिया'च्या आनंदग्रामात एचआयव्ही असलेली मुले वाढवली. ताट आणि गोळी तिथे एकाच हातून मिळते. मुले मोठी झाली, काहींची लग्नेही लागली. पण घरच्या माणसांतच राहणाऱ्या, दर हंगामाला आईबापांबरोबर कोपीत जाणाऱ्या पोराला ते ताट कोण वाढणार?

माझे मागणे लांबलचक नाही. गाड्या दसऱ्यानंतर निघतात, तर ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांच्या हाती भाद्रपदातच तीन महिन्यांच्या डब्या पडाव्यात. पुढच्या डब्या कारखान्याजवळच्या केंद्रातून मिळाव्यात. त्यासाठीची चिठ्ठी बीडनेच लिहून द्यावी, रुग्णाला मागायला लावू नये. केंद्रावर दर वेळी वजन होतेच. ते घटलेले दिसले तर नुसते कार्डावर न उतरवता त्याच टेबलावरून शिधा सुरू व्हावा, औषधासारखाच, आजाराचे नाव न लिहिता. आणि गोळी देणाऱ्याने प्रत्येकीला एवढे सांगावे: बाई, भाकर नसली तरी आजची गोळी घे.